पानशेतचा गाळ आणि एक खोटा आठ : बहात्तर वर्षं एकाच घरात राहिलेल्या एमजी टीडीची विक्री

हे प्रकरण पुण्यातल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि रकमांचं आपसातलं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

गाडी १९५१ ची एमजी टीडी. दोन सीटांची, उघडी, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. इंजिन एक्सपीएजी, १२५० सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात जवळपास तीस हजार टीडी तयार झाल्या. त्यातल्या बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या होऊन अमेरिकेत गेल्या. त्यामुळे उजव्या स्टिअरिंगची आणि मूळ इंजिन शाबूत असलेली टीडी आपल्याकडे सहज सापडत नाही. भारतात अशा गाड्यांत नंतर फियाटचं किंवा डिझेलचं इंजिन बसवल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आजोबांनी ती १९५२ मध्ये घेतली. तेव्हा घर नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा गाडी वाड्याच्या खालच्या खोलीत उभी होती. ती पूर्ण पाण्याखाली गेली. पुढे कुटुंब एरंडवण्यात बंगल्यात आलं आणि गाडीही आली. आजोबा १९८३ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, आजी १९९६ मध्ये. थोरला मुलगा गाडी चालवत असे. तो २०१३ मध्ये गेला आणि तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये उभी होती.

जानेवारी २०२४ मध्ये बंगल्याच्या पुनर्विकासाचा करार झाला. ऑक्टोबरअखेर जागा रिकामी करायची होती. नव्या इमारतीत ठरलेलं पार्किंग यांत्रिक, एकावर एक गाडी चढवायचं. तिथे टीडी ठेवणं कोणालाच पटेना. विकण्याची जबाबदारी धाकट्या मुलाने घेतली. वय ७२. घरात सगळे त्यांना काका म्हणतात, इथेही तेच म्हटलं आहे.

अडचण

वरवर पाहता अडचण एकच होती, गाडी चालू नव्हती. खऱ्या अडचणी कागदात होत्या. आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर होतं. नोंदणीचं नूतनीकरण बरीच वर्षं झालेलं नव्हतं, विमा संपलेला होता. जुन्या मुंबई राज्याच्या काळातला नंबर वाहन पोर्टलवर चढलेलाच नव्हता, म्हणजे बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागणार होती. वारस एकूण पाच : काका, सांगलीची आत्या आणि थोरल्या भावाची पत्नी, मुलगी व अमेरिकेतला मुलगा. हिंदू उत्तराधिकार कायद्याने आधी तीन समान भाग पडतात आणि थोरल्याच्या एकतृतीयांशाचे पुन्हा तीन. म्हणजे त्या तिघांचा प्रत्येकी नववा हिस्सा.

सगळ्यात मोठी अडचण मात्र घरच्यांच्या हाती लागण्याआधी एका गिऱ्हाइकाच्या हाती लागली.

पहिला सौदा आणि तो कसा बिनसला

फेब्रुवारीत ओळखीतून एक हौशी खरेदीदार आला. २२ लाखांवर तोंडी ठरलं. त्याने ५० हजार रोख विसार दिला. विसार पावती नाही, मुदत नाही, सौदा मोडला तर काय, याचीही चर्चा नाही. पंधरा दिवसांनी तो मेस्त्री घेऊन आला. मेस्त्रीने पुढच्या बाजूला डावीकडे चेसिसच्या टोकावर ठोकलेला नंबर पाहिला, आरसी बुकाशी ताडला आणि सांगितलं की मधला एक आकडा जुळत नाही. बुकात ८, लोखंडावर ३ वाटतोय. टीडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. दार उघडून त्याने बिजागरीजवळचं लाकूडही नखाने खरवडलं. "हे सागवान आहे. मूळ गाडीत ॲशचं लाकूड असतं. बॉडी बदललेली आहे."

दोन्ही निरीक्षणं बरोबर होती. खरेदीदाराने भाव १५ लाखांवर आणला. एका व्यापाऱ्याने तर गाडी न पाहता, "जशी आहे तशी", १६ लाख सांगितलेच होते.

हा पहिला निर्णयाचा क्षण. काकांचा मुलगा म्हणत होता की देऊन टाका, पावसाळा तोंडावर आलाय. काकांनी ५० हजार बँकेतून परत केले आणि तीन महिने विक्री थांबवली. हा निर्णय योग्यच होता. नंबर जुळत नाही ही गोष्ट एकदा चार लोकांत पसरली की प्रत्येक पुढचं गिऱ्हाईक तिथूनच घासाघीस सुरू करतं. शिवाय नंबर न जुळणारी गाडी तपासणीत अडकते आणि नाव बदलणं तिथेच थांबतं.

आकडा तीन की आठ

या कामात घाई करणारे लोक पॉलिशपेपर किंवा वायरब्रश घेऊन नंबर घासायला बसतात. तसं कधीही करू नये. ठोकलेल्या आकड्याच्या कडा गोल होतात आणि निरीक्षकाला नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो. इथे रंग काढायचं जेल ब्रशने लावलं, वीस मिनिटांनी बांबूच्या चपट्या काडीने आणि कापसाने पुसून घेतलं. तीन वेळा. प्रत्येक थराचा फोटो, बाजूला पट्टी ठेवून. वरून लाल रंग, खाली रेडऑक्साइडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबूस अस्तराचे, दोन जाड थर, त्याखाली बारीक, पिवळसर, सुकलेली माती. मग लोखंड. ३ स्वच्छ दिसला. रेडऑक्साइडने त्याच्या डाव्या खाचा भरल्या होत्या आणि तो ८ सारखा वाचला जात होता.

मूळ आरसी बुक पुरात गेलं होतं. दुय्यम प्रत गाडी दुरुस्त झाल्यावर १९६२ मध्ये निघाली, म्हणजे रेडऑक्साइड मारून झाल्यावर. नंबर गाडीवरून वाचून लिहिला गेला आणि ८ तिथेच शिरला. बासष्ट वर्षं कोणी पुन्हा पाहिलं नाही.

पुरावा तीन बाजूंनी गोळा केला. एक, चेसिसवरच्या नंबरची पेन्सिल प्रिंट. पातळ कागद, मऊ पेन्सिल, एकाच दिशेने हात. दोन, बॉनेटखालच्या पाटीवरचा तोच नंबर आणि इंजिनावरची अष्टकोनी पितळी पाटी, जिच्यावरचा इंजिन नंबर बुकाशी जुळत होता. तीन, १९५२ ची विम्याची कव्हर नोट. ती आत्याकडे सांगलीला, आजोबांच्या पत्रांच्या ट्रंकेत निघाली. तिच्यात ३ होता. यांच्या आधारे काकांनी १९५२ च्या मूळ नोंदवहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत मागितली. नोंद सापडली, तिच्यातही ३.

टीडीच्या चेसिस क्रमांकांची सुरुवात २५१ पासून होते, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. ही गोष्ट जाणकार खरेदीदाराला माहीत असते. असा माणूस नंबराकडे किती बारकाईने पाहतो, हे विकणाऱ्याने आधी समजून घ्यावं.

वारसांचे कागद

मालक मयत असेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ लागतो. सोबत मृत्यू दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, बाकीच्यांची ना-हरकत आणि चालू विमा. नियमाने हे मृत्यूनंतर तीन महिन्यांत व्हायला हवं. इथे एकेचाळीस वर्षं उलटली होती, विलंबाचं शुल्क आलंच. दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली वारस दाखला घेण्याचा. वारसांत वाद असेल तर तोच घ्यावा. इथे वाद नव्हता आणि ऑक्टोबर गाठायचा होता, म्हणून प्रतिज्ञापत्रांचा मार्ग धरला.

एक सावधगिरी इथे फार महत्त्वाची ठरली. गाडी एकट्या काकांच्या नावावर करायची म्हणजे बाकी चौघांनी ना-हरकत द्यायची. ती ना-हरकत उद्या हक्क सोडल्याचा पुरावा म्हणून कोणी पुढे केली तर? म्हणून आधी पाच जणांचा कौटुंबिक समझोता लिहिला : काका फक्त विक्रीच्या सोयीसाठी नाव लावून घेत आहेत, २४ लाखांच्या खाली सगळ्यांच्या लेखी संमतीशिवाय विकायची नाही, खर्च वजा जाता रक्कम हिश्श्यांप्रमाणे. त्यानंतरच ना-हरकतींवर सह्या. आत्यांनी विचारलं होतं, "आपल्या आपल्यात कशाला रे कागद?" काकांचं उत्तर सरळ होतं : "आपल्या दोघांसाठी नाही गं, आपल्या मागच्यांसाठी."

अमेरिकेतल्या पुतण्याचं मुखत्यारपत्र तिथे नोटरी आणि अपोस्टिल (दस्त परदेशात मान्य व्हावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र) होऊन आलं. परदेशात झालेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. लोक हे विसरतात आणि दस्त ऐन वेळी निरुपयोगी ठरतो. पाकिटावरची तारीखही जपून ठेवावी, कारण तीन महिने तिथून मोजतात.

समोरचे पर्याय

एप्रिलमध्ये पुन्हा बसून विचार झाला. व्यापाऱ्याला जशीच्या तशी देणं : १६ लाख, दोन दिवसांत मोकळं. पूर्ण रिस्टोरेशन करून विकणं : बॉडी उतरवून डेंटिंग-पेंटिंग, नवं क्रोम, नवी सीटकव्हरं. मिळालेला अंदाज ९ ते ११ लाख आणि किमान चौदा महिने. ऑक्टोबरच्या मुदतीत ते बसतच नव्हतं. तिसरा पर्याय, यंत्रणा सुरक्षित चालेल इतकीच करायची, अंगाला हात लावायचा नाही, कागद पूर्ण करायचे आणि संग्राहकाला विकायची.

चौथा विचार २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे बदल नसलेली गाडी त्यात बसते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, मुदत दहा वर्षं. पण मग ती नेहमीच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच रस्त्यावर येते. शिवाय सागवानी सांगाड्यावर अशा गाड्या तपासणारी सरकारी समिती काय म्हणेल याचा भरवसा नव्हता. रविवारी सकाळी गाडी काढणाऱ्या गिऱ्हाइकाला ही अट नको असते. तो निर्णय खरेदीदारावर सोडला आणि साधं नूतनीकरण केलं.

रंगावर घरात खरी चर्चा झाली. अंगावरचा लाल रंग १९६२-६३ चा. मडगार्डवर केसासारख्या भेगा, दाराच्या वरच्या कडेला, जिथे कोपर टेकतं, तिथे रंग झिजून खालचं लोखंड दिसत होतं. बॉनेटखालच्या टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत मात्र कारखान्याचा हिरवा रंग शाबूत होता. पुतणीला वाटत होतं की मूळ हिरव्यात रंगवावी. ती भावना समजण्यासारखी आहे. पण विकणाऱ्याने दिलेला ताजा रंग खरेदीदार संशयानेच पाहतो, कारण नव्या रंगाखाली पुटी किती आणि गंज किती हे कळत नाही. जुना, भेगाळलेला पण सलग रंग स्वतःच साक्ष देतो. आणि रंग कधीही नवा देता येतो, बासष्ट वर्षांचा रंग परत आणता येत नाही. तिसरा पर्याय ठरला.

गाडी चालू करताना

अकरा वर्षं उभी असलेली गाडी बॅटरी जोडून स्टार्टर मारून कधीही उठवू नये. आधी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, पाच दिवस मुरू दिलं, मग हँडलने हळूहळू फिरवलं. एक्सपीएजीचा तेलपंप इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि गाडी फार काळ उभी राहिली की तो कोरडा पडतो. तसंच चालू केलं तर बेअरिंग तेलाशिवाय घासतात. पंपात तेल भरून, प्लग काढलेले ठेवूनच इंजिन फिरवलं आणि मीटरवर दाब दिसल्यावरच प्लग लावले.

कॉम्प्रेशन, म्हणजे चार सिलिंडरमधला दाब, ११८, १२१, ८६, ११९ आला. तिसऱ्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं तर ११२. तेल टाकल्यावर आकडा चढतो म्हणजे गळती रिंगांतून आहे, व्हॉल्व्हमधून नाही. रिंगा झिजल्या असतील किंवा नुसत्या चिकटल्या असतील. इंजिन न उघडता आधी दीडशे-दोनशे किलोमीटर चालवून पाहायचं ठरलं. त्यानंतर तिसरा १०५ वर आला. रिंगा चिकटलेल्याच होत्या.

ब्रेक पूर्ण उघडावे लागले. पुढे प्रत्येक चाकाला दोन आणि मागे एकेक, असे सहा व्हील सिलिंडर आणि एक मास्टर. चार अडकलेले होते. लेथवर स्टीलच्या स्लीव्ह बसवून नवे रबर टाकले. मागच्या उघड्या पेट्रोल टाकीत गंजाचा भुगा होता. टाकी उतरवून साफ केली, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची सीलं इथेनॉल सोसणारी घातली. जुनं रबर आणि कॉर्क आताच्या पेट्रोलमध्ये काही महिन्यांत मऊ पडून गळू लागतं. आणि अशी गाडी उभी ठेवताना टाकीत पेट्रोल शिल्लक ठेवू नये.

एक चूक इथे झाली. वॉटरपंपाचा बोल्ट मिळेना म्हणून मदतनिसाने नाना पेठेतून ८ मिलिमीटरचा साधा बोल्ट आणून आवळला. एक्सपीएजीत आटे मेट्रिक, पण बारीक, ८ ला १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर), आणि बोल्टाचं डोकं मात्र व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या, पान्याचं. बाजारातला ८ चा बोल्ट १.२५ पिचचा. दोन फेरे सहज गेला, तिसऱ्याला आटे उडाले. हेलिकॉइल, म्हणजे उडालेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, टाकून निभावलं, पण दहा दिवस गेले.

चेसिस साफ करताना तिच्या डब्यासारख्या पोकळ दांड्यांत वायर घातली तेव्हा तीच पिवळसर माती बाहेर आली, वाटीभर. काकांनी ती काचेच्या बाटलीत भरून ठेवायला सांगितली.

दोष समोर ठेवून विक्री

ऑगस्टपर्यंत नावाची नोंद, नंबराची दुरुस्ती आणि नूतनीकरण झालं. मग विक्रीची फाइल तयार केली. साठ फोटो, त्यातले वीस गाडीच्या खालून. थंड इंजिन चालू करतानाचा सलग व्हिडिओ. कॉम्प्रेशनचे दोन्ही वेळचे आकडे. आणि पहिल्याच पानावर दोषांची यादी : १९६१ च्या पुरात बुडालेली, लाकडी सांगाडा १९६२ मध्ये सागवानात नव्याने केलेला, टायर सोडता बाहेरून काही नवं नाही, हेलिकॉइल एक, बॅटरीचं अर्थिंग नंतर कोणीतरी उलटं केल्यामुळे अँपिअर मीटर चार्जिंगच्या वेळी उलट दाखवतो. सोबत सुताराचं १९६२ चं बिल. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधलं, सागवान किती आणि मजुरी किती, सगळं शाईने लिहिलेलं.

फेब्रुवारीत ज्या सागवानाने भाव पाडला, त्याच सागवानाने सप्टेंबरमध्ये भाव टिकवला. फरक बिलाचा होता. बिल नसताना ती "बदललेली बॉडी" होती. बिल आणि पुराची तारीख जोडल्यावर तो गाडीच्या आयुष्याचा एक भाग झाला.

तीन गंभीर खरेदीदार आले. परदेशी लिलावांचे आकडे दाखवून घरच्यांनी ४० लाखांची आशा धरली होती. तिथला भाव तिथल्या बाजाराचा असतो, इथे त्याचा उपयोग नाही. बंगळुरूच्या खरेदीदाराने २८ लाख सांगितले, कोल्हापूरच्या संग्राहकाने २७. इथे पुन्हा थांबून विचार करावा लागला. परराज्यात गाडी द्यायची म्हणजे नमुना २८ ची एनओसी, तिथला कर, तिथली नोंदणी. हे होईपर्यंत कागदोपत्री मालक काकाच. विकलेली गाडी नावावर असताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोल्हापूरच्या व्यवहारात नमुना २९ आणि ३० वर, म्हणजे विक्री कळवण्याच्या आणि नाव बदलण्याच्या अर्जांवर, काम भागत होतं. एक लाख सोडून कोल्हापूर निवडलं.

रक्कम पूर्ण बँकेतून घेतली. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि तेवढाच दंड बसू शकतो. घरगुती वापराची गाडी भांडवली मालमत्तेत धरली जात नाही, हे सीएकडून लेखी घेऊन ठेवलं. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली. खरेदीदाराने ५० हजार वेगळी अनामत ठेवली, नाव बदलल्यावर परत करण्याच्या अटीवर.

काय वेगळं करता आलं असतं

नंबर ताडून पाहणं हे पहिल्या दिवशीचं, अर्ध्या तासाचं काम होतं. ते आधी झालं असतं तर फेब्रुवारीचा मनस्ताप टळला असता. विसार लेखी हवा होता. मुखत्यारपत्र जानेवारीतच मागवलं असतं तर जूनमधले तीन आठवडे वाचले असते.

सगळ्यात वाईट चूक पावसाळ्यातली. जुलैत पोर्चमध्ये झड येते म्हणून गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली. आत दमट हवा कोंडली. महिन्याभरात सीटच्या चामड्यावर बुरशी आली आणि हेडलाइटच्या क्रोमवर बारीक खड्डे पडले. झड वरून बांधलेल्या छताने अडवायची आणि गाडीवर फक्त सुती कव्हर घालायचं, चाकं जॅकस्टँडवर उचलून. बुरशी पुसली गेली, क्रोम गेलं ते गेलं. दोषांच्या यादीत एक ओळ वाढली.

हिशेब

गाडी फ्लॅटबेडवरून गेली, पट्टे ॲक्सलला बांधून. बंपरला बांधायला आलेल्या माणसाला काकांनी थांबवलं. खर्च असा झाला : यंत्रणा आणि टायर १,१२,०००, कागद, शुल्क आणि वकील ४६,०००, विमा, वाहतूक आणि किरकोळ ४०,०००. एकूण १,९८,०००. उरले २५,०२,०००. काका आणि आत्या प्रत्येकी ८,३४,०००, थोरल्या घरातल्या तिघांना प्रत्येकी २,७८,०००.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वाहन पोर्टलवर नव्या मालकाचं नाव दिसलं, चेसिस नंबरमधला ३ बरोबर होता. काकांनी त्याच दिवशी अनामत परत पाठवली. मातीची बाटली त्यांनी फाइलबरोबर आधीच कोल्हापूरला दिली होती.